एअर इंडिया इमारत, नरीमन पॉइंट: भरावावरचा मनोरा, खालचा चिखल आणि खारा वारा

खाडीकाठ

मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला उभ्या असलेल्या एअर इंडिया इमारतीबद्दल मराठीत सलग असं काही वाचायला मिळत नाही. मिळतं ते विक्रीच्या बातम्यांपुरतं. म्हणून हा धागा काढतोय. तेवीस मजल्यांची ही इमारत १९७४ साली पुरी झाली, समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवर आणि समुद्राच्या अगदी तोंडावर. रत्नागिरी, अलिबाग, मालवण या बाजूला आता खाडीलगत भराव टाकून पाच-सात मजले चढू लागलेत, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ती जमीन कधी नि कशी तयार झाली? तसल्या जमिनीत एवढा भार पेलतो कसा? आणि पन्नास वर्षं खारा वारा खाल्लेल्या काँक्रीटमध्ये आधी काय तपासावं? मालकीचा प्रवास कुणाला नीट ठाऊक असेल तर तोही लिहा.

सागरगोटा

चांगला विषय. जमिनीपासून सुरुवात करतो, कारण या इमारतीचं सगळं त्या जमिनीत आहे.

बॅक बे, म्हणजे मरीन ड्राइव्हसमोरचा उपसागर, बुजवायचा पहिला मोठा प्रयत्न १८६० च्या दशकातला. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि तो पैसा भरावाच्या कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस कोसळला, त्याबरोबर कंपनीही बसली. दुसरा प्रयत्न १९२० च्या दशकात, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात. आठ ब्लॉक पाडले होते. त्यातले १, २, ७ आणि ८ एवढेच झाले, मधले ३ ते ६ राहून गेले.

का राहिले ते बघण्यासारखं आहे. आधी समुद्रात दगडांचा बांध घालायचा, मग बंदरातला गाळ उपसून नळातून बांधाच्या आत सोडायचा, गाळ बसला की जमीन तयार, असा बेत होता. दगड कांदिवलीच्या खाणीतून येत होता. पण नुसत्या दगडी बांधाच्या फटींतून ओला गाळ परत समुद्रात निसटायला लागला. आत टाकावा तेवढा राहीना, खर्च वाढत गेला. लोक या योजनेला 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणू लागले. वकील आणि काँग्रेस नेते खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला, त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. नरीमन पॉइंट हे नाव त्यांचंच.

खारेपाटात ज्यांनी खारबंदिस्तीची, म्हणजे शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून बांध घालायची, कामं पाहिली आहेत त्यांना ही चूक लगेच कळेल. आपल्याकडे बांधाचं पोट चिकणमातीचं असतं, दगड फक्त समुद्राच्या अंगाला, लाटेचा मार खायला. पाणी सोडायला उघाडी वेगळी. पोटात चिकणमाती नसेल तर भरती-ओहोटी दगडांतून आतबाहेर करते आणि दर ओहोटीला थोडी माती घेऊन जाते. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडायची ती अशीच.

फोर्टातला

छान. म्हणजे एअर इंडियाची इमारत त्या १९२० च्या भरावावर आहे तर. शंभर वर्षांत तो चांगला दबला असेल.

सागरगोटा

नाही, तिथेच घोळ होतो. चर्चगेटजवळचा मरीन ड्राइव्हचा पट्टा जुन्या ब्लॉकांतला. नरीमन पॉइंटचा मनोऱ्यांचा भाग हा राहून गेलेल्या ब्लॉकांपैकी. तो स्वातंत्र्यानंतर, मुख्यतः १९६० च्या दशकात आणि पुढे भरला गेला. म्हणजे १९७४ मध्ये इमारत उभी राहिली तेव्हा भोवतालची जमीन कोवळीच होती. एक्स्प्रेस टॉवर्स आणि ओबेरॉय हे शेजारीही त्याच सुमाराचे. ओळंबा, पायाचं तुम्ही लिहा.

ओळंबा

लिहितो. या विशिष्ट इमारतीच्या पायाचे आकडे देत नाही. अशा जमिनीत काय करावं लागतं आणि कुठे चुकतं ते देतो. खाडीकाठ यांनी विचारलेल्या प्रश्नाला तेच उपयोगी पडेल.

बोअर, म्हणजे जमीन तपासायचं खोल भोक, घेतला की वरून खाली चार थर दिसतात. सगळ्यात वर भराव: दगड, मुरूम, राडारोडा. त्याखाली सागरी गाळ, काळसर, शिंपल्यांचे तुकडे असलेला, बोट रुतेल असा. मग कुजका खडक आणि शेवटी पक्का कातळ. गाळावर उंच इमारत बसवता येत नाही. म्हणून पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेला काँक्रीटचा खांब, गाळ पार करून कातळात रोवायची. आपल्या खाडीकाठीही क्रम बहुधा हाच. फरक एवढाच की कधी मध्ये जांभा लागतो आणि ठेकेदार 'कातळ लागला' म्हणून थांबतो. जांभ्याच्या कठीण पापुद्र्याखाली शेडू म्हणजे मऊ माती असू शकते. म्हणून कठीण थर लागल्यावरही तीन ते पाच मीटर कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, काढून बघायचा. कोअरचे तुकडे पेटीत ओळीने लावून घ्या आणि लांब तुकडे किती, चुरा किती ते स्वतः मोजा. नुसत्या अहवालावर विसंबू नका.

आता खोदाई. भरावातले मोठे दगड घसरतात, म्हणून वरच्या भागात लायनर, म्हणजे लोखंडी नळा. खाली गाळात भोक टिकावं म्हणून बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचं पाणी. तळ गाठल्यावर सळयांचा पिंजरा सोडायचा आणि मग पुन्हा एकदा तळ धुवायचा. ही दुसरी धुलाई वगळली तर पाइलच्या टोकाखाली चिखलाची गादी राहते आणि भार आला की पाइल तेवढी खाली बसते.

काँक्रीट ट्रेमी नळीतून, तळापासून वर. २० मिमी खडीसाठी नळीचा व्यास २०० मिमीपेक्षा कमी नको. स्लंप, म्हणजे काँक्रीटच्या पातळपणाचं माप, १५० ते १८० मिमी, सिमेंट घनमीटरला किमान ४०० किलो, ताकदीची प्रत किमान एम २५, आणि समुद्राकाठी त्याहून वरची. नळीचं तोंड ओल्या काँक्रीटमध्ये कायम दीड-दोन मीटर बुडालेलं हवं. एकदा जरी वर निघालं तरी चिखलाचा थर मध्ये अडकतो आणि पाइल आतून दोन तुकडे होते. वरून काही कळत नाही.

मालाचा हिशेब आधीच मांडा. ६०० मिमी व्यासाची २० मीटर पाइल म्हणजे ५.६५ घनमीटर. वरचं मातकट काँक्रीट फोडून काढायचं असतं म्हणून ६०० मिमी जास्त भरा, झाले ५.८. भोक कुठे ना कुठे फुगलेलं असतं, त्याचे दहा टक्के धरले तर ६.४ झाले. म्हणजे ६ घनमीटरची एक गाडी पुरत नाही. दुसरी गाडी घाटात किंवा फाटकाला अडकली की मधल्या तासाभरात खालचं काँक्रीट घट्ट व्हायला लागतं. दोन्ही गाड्या साइटवर उभ्या असल्याशिवाय पहिली रिकामी करू नये.

प्रत्येक मीटरला किती काँक्रीट गेलं याची नोंद ठेवा. हिशेबापेक्षा कमी गेलं तर तिथे पाइलला मान पडली, म्हणजे गाळ आत दाबला गेला. खूप जास्त गेलं तर भोक फुगलं. मान पडणं अधिक वाईट.

खाडीकाठ

ओळंबा, भरावावरच्या इमारतींत एक गोष्ट सगळीकडे दिसते. इमारत जागच्या जागी असते, पण प्रवेशाच्या पायऱ्या आणि भोवतीची फरशी खाली गेलेली असते. प्लिंथला, म्हणजे जोत्याला, फट पडते. ही इमारत उचलली गेल्याची खूण की जमीन बसल्याची?

ओळंबा

जमीन बसल्याची. इमारत कातळावर उभी आहे, फरशी गाळावर. गाळातलं पाणी वर्षानुवर्षं सावकाश निघत राहतं आणि भराव खाली जातो. यातून दोन त्रास होतात.

एक म्हणजे जोडण्या तुटतात. पाण्याचा नळ, मैल्याचा पाइप, विजेची केबल, जे जे जमिनीतून इमारतीत शिरतं ते नेमकं भिंतीपाशी कातरलं जातं. तिथे ताठ जोड न देता लवचिक जोड द्यायचा आणि भिंतीतली बाही पाइपपेक्षा मोठी ठेवायची. मैल्याच्या पाइपाला उतारही जास्त द्या. बाहेरचं चेंबर खाली गेलं तर उतार वाढतो, तो चालतो. पण चेंबर जागेवर राहून मधला पाइप झोळ खाल्ला तर तुंबतं.

दुसरा त्रास मोठा आणि दिसत नाही. बसणारा भराव पाइलच्या अंगाला धरून तिला खाली ओढतो. गाळाच्या घर्षणाने पाइलला आधार मिळेल असं समजून हिशेब केला असेल, तर तोच गाळ उलटा भार होतो. कोवळ्या भरावात गाळाचा आधार शून्य धरायचा आणि ही ओढ भारात मिळवायची. चार-पाच मजल्यांच्या इमारती तिरक्या होतात त्यात हे कारण वारंवार सापडतं.

तळघर असेल तर आणखी एक. भूजल जवळजवळ समुद्राच्या पातळीला असतं आणि पाण्याखाली प्रत्येक मीटर खोलीला चौरस मीटरमागे एक टन दाब वर येतो. २० बाय ५० मीटरचं तळघर पाण्याखाली ४ मीटर असेल तर खालून ४,००० टन उचल. वर पुरेसे मजले चढेपर्यंत पंप बंद करायचे नाहीत. पावसाळ्यात वीज गेली म्हणून पंप थांबले आणि रिकामी पेटी होडीसारखी उचलली गेली तर ती परत सपाट बसत नाही.

फोर्टातला

मालकीचं आणि इमारतीच्या घडामोडींचं मी लिहितो.

टाटांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या विमानसेवेचं १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. तरी जे. आर. डी. टाटा १९७८ पर्यंत अध्यक्ष होते. त्यामुळे 'टाटांनी बांधलेली' हे पूर्ण खरं नाही. सरकारी कंपनीने, टाटा अध्यक्ष असताना बांधलेली, असं म्हणायला हवं. आराखडा न्यूयॉर्कचे वास्तुविशारद जॉन बर्गी यांचा. माथ्यावर कंपनीचं सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) बोधचिन्ह, मरीन ड्राइव्हवरून लांबूनच नजरेत भरणारं.

१२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेत, शेअर बाजारानंतर त्याच दुपारी, या इमारतीतही गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. इथे २० माणसं गेली.

२०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हललं आणि मजले भाड्याने गेले. जानेवारी २०२२ मध्ये विमान कंपनी टाटांकडे परत गेली. पण इमारत गेली नाही, ती एआय अॅसेट्स होल्डिंग या सरकारी कंपनीकडे राहिली. हे बरेच जण विसरतात. राज्य सरकारने १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने मान्यता दिली. जमिनीच्या व्यवहारातल्या अनर्जित उत्पन्नाचे आणि व्याजाचे २९८.४२ कोटी राज्याने माफ केले. क्षेत्र ४६,४७० चौरस मीटर. जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाल्यापासून विभागांना जागेची चणचण होतीच, आणि मंत्रालय इथून चालत जाण्याएवढं जवळ आहे.

ओळंबा

स्फोटाबद्दल बांधकामाच्या बाजूने एवढंच. अशा चौकटीच्या इमारतीत भार खांब आणि तुळया वाहतात, भिंती नाहीत, म्हणून भिंती नि काचा उडाल्या तरी सांगाडा उभा राहू शकतो. पण स्लॅबच्या सळया वरून येणाऱ्या भाराच्या हिशेबाने घातलेल्या असतात. खालून स्फोट झाला की स्लॅब वर ढकलला जातो, आणि खांबांच्या मधल्या भागात वरच्या अंगाला सळई जवळजवळ नसते. म्हणून अशा घटनेनंतर स्लॅबचा फक्त तळ बघून भागत नाही. फरशी उचलून वरचा पृष्ठभागही तपासावा लागतो.

कातळसडा

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, खाऱ्या वाऱ्याकडे. यावर मनापासून लिहायचं आहे, कारण किनाऱ्यावर वीस वर्षांत सळया बाहेर आलेल्या इमारती जिथे तिथे दिसतात आणि त्यातल्या बहुतेक वाचल्या असत्या.

काँक्रीट अल्कधर्मी असतं तोवर सळईवर एक पातळ थर टिकून गंज धरत नाही. तो थर दोन मार्गांनी जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून अल्कता उतरवतो, किंवा वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पाण्यातून सळईपर्यंत पोचतं. किनाऱ्यावर दुसरा मार्ग वेगवान. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, त्यामुळे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आतून फुटतं. आधी सळईच्या रेषेत केसासारखी चीर, मग तांबूस ओघळ, मग पोपडा.

कव्हरचे आकडे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्पष्ट आहेत. किनारी हवेत उघडं काँक्रीट म्हणजे 'तीव्र' वर्ग: एम ३०, कव्हर ४५ मिमी, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५. लाटांचे तुषार येत असतील तर 'अति तीव्र': एम ३५, कव्हर ५०. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एम ४०, कव्हर ७५, पाणी-सिमेंट ०.४०. साइटवर मात्र कव्हर राखायला सळईखाली ठेवायचे स्लॅबचे २० मिमीचे ठोकळे तुळईलाही लावले जातात, किंवा खडीचा तुकडा सळईखाली सरकवतात. आणखी एक बारीक गोष्ट. बाइंडिंग वायरची शेपटी बाहेर वळवून ठेवली की ती थेट फळीला टेकते. सेंट्रिंग काढल्यावर वर्षभरात तिथे गव्हाच्या दाण्याएवढा तांबडा ठिपका उठतो आणि त्याच वाटेने मीठ आत जातं. शेपटी आतच वळवायची.

सिमेंट स्लॅगचं (पोलादभट्टीच्या मळीचं) किंवा पोझोलानाचं (राखेसारखी पूड मिसळलेलं) घ्या, मीठ आत शिरायला वेळ लागतो. 'समुद्राकाठी सल्फेट-रोधक सिमेंट' हा सल्ला फार फिरतो. तो चुकीचा. त्यात मीठ बांधून ठेवणारा घटकच कमी असतो. आणि खाडीची रेती न धुता वापरली तर बाहेरच्या वाऱ्याची वाटही बघावी लागत नाही. सगळ्या घटकांतलं मिळून क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोच्या वर जाता कामा नये.

जुन्या इमारतीत तपासायचं असं. हातोडीने टपटप करत जा. पक्कं काँक्रीट 'ठण' वाजतं, सुटलेलं 'डब'. डब वाजलेल्या जागी खडूने घेर काढा. एक टक्का फिनॉल्फ्थॅलीन ताज्या फोडलेल्या जागी फवारा. गुलाबी झालं तर अल्कता शाबूत, रंग आला नाही तर गेली. मिठासाठी ०-२५, २५-५०, ५०-७५ मिमी अशा खोलीची भुकटी वेगवेगळी गोळा करून प्रयोगशाळेत द्या. वरच्या थरात मीठ असणारच. सळईच्या खोलीवर किती आहे ते महत्त्वाचं. सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल मीटरवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर.

समुद्राकडची बाजू आधी. तिथेही पावसाने धुतली जाणारी उघडी भिंत बरी असते. छज्ज्याचा तळ, खिडकीवरचा कोपरा, एसीच्या मागचा भाग, जिथे मीठ बसतं पण पाऊस धूत नाही, तिथे सगळ्यात आधी बघा.

खाडीकाठ

कातळसडा, दुरुस्तीचं? आमच्या भागात पोपडा काढून सिमेंट थापतात, दोन वर्षांत बाजूलाच फुटतं.

कातळसडा

बाजूला फुटण्याचं कारण ठरलेलं आहे. खराब सळई आधी आजूबाजूच्या सळईचा गंज स्वतःवर ओढत होती. तुम्ही फक्त तेवढाच तुकडा स्वच्छ, अल्कधर्मी मसाल्यात गुंडाळला की गंजाची जागा सरकते आणि ठिगळाच्या कडेला सुरू होते. म्हणून डब वाजणाऱ्या जागेपुरतं न थांबता मीठ पोचलेलं सगळं काँक्रीट काढायचं. ते शक्य नसेल तर ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे बलिदानी अॅनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, बांधायचे.

क्रम सांगतो. आधी टेकू द्या, खांब असेल तर वरच्या सगळ्या मजल्यांना. काँक्रीट सळईच्या मागे २०-२५ मिमी मोकळं होईपर्यंत फोडा. सळईची मागची बाजू तशीच ठेवली तर सगळं वाया. कड तिरकी न ठेवता कटरने १० मिमी सरळ कापा, म्हणजे मसाल्याची धार पातळ पडत नाही. लोखंड चकचकीत होईपर्यंत साफ करा आणि मीठ जावं म्हणून गोड्या पाण्याने धुवा. सळईची जाडी मोजा. छेद वीस टक्क्यांच्या आसपास गेला असेल तर शेजारी नवी सळई, पुरेशा जोडलांबीसह. मग जस्तयुक्त प्रायमर, त्यावर बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मसाला.

मसाला सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला १५० किलो क्वार्ट्झ वाळू आणि १० लिटर एसबीआर लेटेक्स (चिकटपणा देणारं रबरी द्रव). पाणी लागेल तेवढंच, मूठ वळली पाहिजे. एका थराला १०-१५ मिमी. एकदम ४० थापलं की स्वतःच्या वजनाने सुटतं आणि आत पोकळी राहते. ५० मिमीच्या वर खोली असेल तर फळ्या लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, वाहतं काँक्रीट) ओता. पॉलिमर मसाल्याला एक दिवस ओलावा, मग हवेत सुकू द्या. सात दिवस पाणी मारत राहिलात तर लेटेक्सचा पडदा नीट तयार होत नाही.

शेवटी सगळ्या दर्शनी भागाला कार्बोनेशन-रोधक रंग. फक्त ठिगळाला नाही.

ओळंबा

एक भर. कामाची वेळ ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा पाणी भिंतीवर आडवं मारतो, फोडलेल्या सळईवर एका रात्रीत पिवळा गंज येतो. सकाळी फोडलेलं त्याच संध्याकाळपर्यंत प्रायमर मारून झाकलं पाहिजे. जमणार नसेल तर तेवढंच फोडा.

खाडीकाठ

खूप उपयोगी. खाडीलगतच्या पाच मजल्यांसाठी पाइलची चाचणी किती घ्यायची तेवढं सांगा.

ओळंबा

कामाआधी एक चाचणी पाइल, हिशेबी भाराच्या अडीच पटीपर्यंत. ती इमारतीत वापरायची नाही. नंतर कामाच्या पाइलांपैकी दीडपट भाराने अर्धा ते दोन टक्के, पण चाळीसच पाइल असतील तरी एक घ्याच, आणि ती ठेकेदाराला नाही तर तुमच्या अभियंत्याला निवडू द्या. हातोडीची इंटिग्रिटी चाचणी, म्हणजे पाइल आतून अखंड आहे का ते ठोकून बघणं, मात्र सगळ्या पाइलांवर. डोकं पक्क्या काँक्रीटपर्यंत फोडून सपाट केल्याशिवाय ती घेऊ नका. मातकट डोक्यावर ठोकलं तर आलेख काहीही दाखवतो.